एनडीपीएसचा पहिला खटला हाती घेताना

ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काही महिने काढल्यावर अमली पदार्थविरोधी कायद्याखालील (एनडीपीएस) खटल्यातील एका जामीन अर्जावर बोलण्याची संधी मला प्रथमच मिळाली. झडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जाण्याच्या हक्काची आरोपीला जाणीव करून दिली नव्हती, हा माझा मुख्य मुद्दा होता आणि त्यासाठी १९९९ सालचा बलदेवसिंग खटल्यातील घटनापीठाचा निकाल मी जवळजवळ पाठ केला होता. न्यायाधीशांनी एवढेच विचारले, "माल अंगावर सापडला की पिशवीत?" माल खांद्यावरच्या सॅकमध्ये होता. हा हक्क देणारे कलम ५० अंगझडतीला लागू होते, जवळच्या पिशवीच्या झडतीला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पवनकुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. मी निकाल वाचले होते. पंचनामा मात्र नुसता चाळला होता.

तेव्हापासून मी आधी कागद वाचतो आणि निकाल नंतर शोधतो. १९८५ च्या या कायद्यात व्यावसायिक प्रमाणातील, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, मालासाठी किमान १० वर्षांची शिक्षा आहे, आणि आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे असल्याबद्दल, तसेच जामिनावर असताना तो गुन्हा करण्याचा संभव नसल्याबद्दल, न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज कलम ३७ नुसार जामीन मिळत नाही. त्यामुळे कागदांची जी छाननी इतर खटल्यांत उलटतपासाच्या वेळी केली तरी चालते, ती येथे जामिनाच्या टप्प्यावरच करावी लागते.

एका कोऱ्या कागदावर फक्त वेळा उतरवून काढाव्यात: खबर कधी नोंदवली, तिची प्रत वरिष्ठांकडे कधी गेली, छापा सूर्यास्तापूर्वी पडला की नंतर, पंचनामा कधी संपला, मुद्देमाल ठाण्यात कधी जमा झाला, नमुना प्रयोगशाळेत कधी पोहोचला. खबरीची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवण्याचे बंधन कलम ४२ मध्ये आहे, परंतु झडती सार्वजनिक ठिकाणी झाली असेल तर कलम ४३ लागू होते आणि हा मुद्दा गळून पडतो. शिवाय, विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण चालू शकते, पूर्ण अनुपालनाचा अभाव मात्र चालत नाही, असे करनैलसिंग खटल्यात २००९ साली ठरले आहे. म्हणून नुसता उशीर दाखवून थांबू नये.

दुसरा कागद वजनांचा. गांजाची व्यावसायिक मर्यादा २० किलो, हेरॉईनची २५० ग्रॅम आणि मेफेड्रोनची ५० ग्रॅम आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंड्यांसोबत नसलेल्या बिया आणि पाने त्यात येत नाहीत. पंचनाम्यात "हिरवट पाने, काड्या, बिया" असे वर्णन असून सगळे एकत्र तोलून २२ किलो लिहिले असेल, तर शेंडे किती होते हा प्रश्न जामिनाच्या वेळीच विचारायला हवा. हाच युक्तिवाद हेरॉईनमध्ये मिसळलेल्या भुकटीबाबत करायला जाऊ नये. मिश्रणातील तटस्थ पदार्थाचे वजनही धरावे लागते, असे हिरासिंग खटल्यात २०२० साली ठरले. नमुने कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, पंचनाम्यातील सीलचे वर्णन प्रयोगशाळेच्या अहवालाशी जुळते का, हेही याच कागदावर लिहावे. मात्र केवळ त्या त्रुटीवर सुटका होईलच, असे अशिलाला सांगू नये.

सहआरोपीने अधिकाऱ्यापुढे कलम ६७ खाली दिलेल्या कबुलीवर सारा खटला उभा असेल, तर अशी कबुली पुरावा म्हणून ग्राह्य नाही असे ठरवणारा तूफानसिंग खटल्यातील २०२० चा निकाल उपयोगी पडतो.

शेवटी तारीख. व्यावसायिक प्रमाणाच्या खटल्यात दोषारोपपत्रासाठी १८० दिवस असतात आणि सरकारी वकिलांच्या कारणासहित अहवालावर न्यायालय ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकते. कोठडीचा पहिला दिवसही मोजला जातो, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले आहे. मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; त्यासाठीचा अर्ज मी आदल्या संध्याकाळीच टंकलिखित करून ठेवतो आणि १८१ व्या दिवशी न्यायालय उघडताच दाखल करतो, कारण दोषारोपपत्र त्याआधी पोहोचले तर तो हक्क उरत नाही.