सिंगापूरमध्ये स्केचिंग: आधी सावली, मग विषय

सिंगापुरात स्केचबुक घेऊन फिरणार असाल तर आधी बसायला सावली शोधा. विषय समोर असतोच. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे भर दुपारी उघड्यावर चित्र काढणं म्हणजे स्वतःला तळून घेणं. चायनाटाउन आणि लिटल इंडियात जुन्या दुकानघरांच्या (खाली दुकान, वर घर) तळमजल्याला छप्पर असलेली सलग वाट असते. सिंगापूर वसवणाऱ्या ब्रिटिश अधिकारी रॅफल्सने 1822 मध्येच नगररचनेत ती घालून दिली होती. येणाजाणाऱ्यांची वाट न अडवता तिथे कडेला उभे राहा आणि समोरची दुकानघरांची रांग काढा. आधी फक्त खांब मारा. त्यांच्यातलं अंतर जमलं की वरच्या झडपांच्या खिडक्या आपोआप जागेवर बसतात.

दमट हवेत जलरंग वाळता वाळत नाही. पहिला थर ओला असतानाच दुसरा दिलात तर सगळा चिखल! म्हणून पाण्याने न पसरणारी शाई, लहान कागद आणि दोनतीनच रंग पुरे.

दुपारी वीज कडाडून पाऊस आला तर लाऊ पा सात गाठा. 1894 चा हा अष्टकोनी लोखंडी बाजार आता खाऊगल्ली झालाय, आणि छताच्या कमानी म्हणजे पर्वणीच. जेवणाची वेळ मात्र टाळा, ऑफिसवाल्यांची झुंबड असते. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे. कोपी (इथली कॉफी) पिऊन झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवा, नाहीतर दंड होऊ शकतो.