आठ परस म्हणजे किती फूट?

आजोबांच्या वहीत घराचा आणि विहिरीचा हिशेब दीड ओळीत आटोपलाय: "विहीर आठ परस. नाडा बारा वाव. सोपा अकरा हात, दरवाजा चार हात." परस हे खोलीचं माप, वाव दोराचं; नाडा म्हणजे विहिरीचा दोर आणि सोपा म्हणजे घराची ओसरी. गेल्या उन्हाळ्यात त्या विहिरीत पंप सोडायचा होता. मी मोबाइलवर कोष्टक काढलं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तो १८ इंचांचा; परस साडेतीन हातांचा. गुणाकार ४२ फूट. वर थोडा हातचा धरून ४५ फूट पाइप घेऊन आले, आणि पंप पाण्याच्या वरच लोंबकळत राहिला. चुलतभाऊ काठावरून म्हणाला, "ताई, हात कुणाचा धरलास?"

खोचक होतं, पण बरोबर होतं. तेव्हा जुन्या कागदांतली मापं फुटांत आणायची असतील तर आधी कोष्टक नको, हात शोधा.

कागदात नोंदलेली आणि अजून जागेवर असलेली वस्तू टेपने मोजायची. आमचा दरवाजा ७२ इंच भरला. पण खाली नवी फरशी दोन इंच चढलीय, ती मिळवून ७४. चार हातांनी भागलं, साडेअठरा. सोपा २०३ इंच, भागिले अकरा, जवळजवळ तेवढेच. दोन्हींत फरक पडला असता तर मी सोप्याचं ऐकलं असतं. लांब वस्तूत इंचभर चूक झाली तरी ती अकरा हातांत वाटली जाते.

हात मिळाला की खालची मापं सोपी. २४ अंगुळांचा हात, १२ अंगुळांची वीत. म्हणजे आजोबांची वीत सव्वानऊ इंच, अंगुळ पाऊण इंचाहून किंचित जास्त. मात्र स्वतःची वीत टाकून हात मोजायला जाऊ नका. माझा हात साडेसोळा इंच आणि वीत साडेसात. दोन विती टाकल्या तरी दीड इंच उरतोच. वीत म्हणजे अर्धा हात, हे फक्त हिशेबात.

खरी गोम परसात आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ८४ अंगुळांचा व्याम आहे, तो दोर मोजायला आणि खणलेल्या खड्ड्याची खोली सांगायला. ८४ भागिले २४, साडेतीन. आपण माणसाचा देह साडेतीन हातांचा म्हणतो, तेच हे माप. आणि दोन्ही हात पसरून दोर मोजायची आपली वावही त्याच घरची. पण यज्ञवेदी आखणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात पुरुष १२० अंगुळांचा, म्हणजे पाच हातांचा. हात वर करून उभा राहिलेला माणूस समजा. परस हा त्याच पुरुषाचा घरगुती उच्चार.

म्हणून दोन्ही उत्तरं काढायची. साडेतीन हातांच्या परसाने आमची विहीर ४३ फूट २ इंच. पाच हातांच्या परसाने ६१ फूट ८ इंच. मग सुंभाला दगड बांधून सोडला. तो ५७ फुटांवर टेकला. विहीर गाळाने उथळ होते, न उपसता खोल होत नाही, आणि आमची पुन्हा कुणी खोदलेली नाही. म्हणजे पाच हातांचा परस, वर चार फूट आठ इंच गाळ. बारा वाव नाडा पावणेपासष्ट फूट येतो, तोही या खोलीला साजेसा.

लुगड्याला एवढा खटाटोप नको. दोन हातांचा एक वार, वार ३६ इंचांचा. अठरा हाती म्हणजे नऊवारी, विषय संपला. जमिनीच्या कागदात काठी आली तर मात्र जपून. सभासदाच्या बखरीत शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा आणि काठी ८२ तसूंची सांगितलीय. १८ इंची हाताने ती पावणेनऊ फुटांच्या आसपास येते, आणि वीस काठ्या औरसचौरस बिघा सुमारे २८ गुंठे. हात अर्ध्या इंचाने वाढवून बघा, बिघा दीड गुंठ्याहून जास्त फुगतो. भावकीत एवढ्यावर कोर्टकचेरी होते, म्हणून तिथे माझ्यासारखं अंदाजाने वागू नका, मोजणी आणा.

आमचा पंप आता ५५ फुटांवर टांगलाय, गाळाच्या दोन फूट वर. वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय: हात साडेअठरा इंच, परस पाच हात, दरवाजात फरशीचे दोन इंच धरणे.