अहवालात अनोळखी कर्ज दिसले, तर या चुका टाळा

गृहकर्जाची फाइल घेऊन बँकेत गेलेल्या माणसाला ‘तुमच्या नावावर आधीच एक कर्ज थकीत आहे’ असे ऐकावे लागते, आणि आपल्या पॅनचा कोणी गैरवापर केला आहे हे अनेकांना कळते ते असेच, म्हणजे घटना घडून वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर. रक्कम मोठी असतेच असे नाही. एप्रिल 2022 मध्ये अभिनेता राजकुमार राव याने आपल्या पॅनवर परस्पर घेतल्या गेलेल्या कर्जाची जाहीर तक्रार केली, ते कर्ज अवघे अडीच हजारांचे होते. रक्कम लहान असली की कागदपत्रांची पडताळणी ढिली होते आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याचेही लक्ष जात नाही, हे भामट्यांनी चांगलेच ओळखलेले आहे.

भारतात पतमाहिती, म्हणजे कोणी कोणते कर्ज घेतले आणि कसे फेडले याच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि त्यांचा अहवाल देणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बोलताना आपण सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतो, आणि पहिली चूक या सवयीतच दडलेली आहे, कारण एका कंपनीचा अहवाल स्वच्छ दिसला म्हणून उरलेल्या तिन्हींकडे तो तसाच असेल याची खात्री नसते. प्रत्येक कंपनीने दर वर्षी एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा अहवाल मागवला, तर एक पैसाही न देता वर्षभर लक्ष राहते. स्वतःचा अहवाल पाहिल्याने पतगुण (क्रेडिट स्कोअर) घटतात ही समजूत निराधार आहे.

दुसरी चूक म्हणजे या गुणांचा 300 ते 900 मधला तो एक आकडा पाहून अहवाल मिटून ठेवणे. गैरवापराच्या खुणा बहुधा गुणांच्या आधी दुसरीकडेच उमटतात. ‘चौकशी’ या भागात कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, किती रकमेच्या कर्जासाठी तुमची माहिती मागवली हे नोंदलेले असते, आणि तो अर्ज पुढे नामंजूर झाला असला तरी ती नोंद तिथे राहते. त्याहून बोलका भाग संपर्काचा असतो. तुम्ही जन्मभर साताऱ्यात राहिलेला असाल आणि पत्त्यांच्या यादीत कधी न पाहिलेल्या दुसऱ्याच राज्यातल्या शहराचा पत्ता आणि अनोळखी मोबाइल क्रमांक दिसत असेल, तर कर्जाची नोंद अजून आलेली नसली तरी सावध झाले पाहिजे. तुमचा अहवाल एखाद्या वित्तसंस्थेने पाहिला की पतमाहिती कंपनीने एसएमएस किंवा ईमेलने तसे कळवणे आता बंधनकारक आहे. असे संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नयेत.

मात्र अनोळखी नाव दिसले की लगेच ‘फसवणूक’ म्हणून ओरड करणे, हीही तितकीच महागात पडणारी चूक आहे. मोबाइल ॲपवरून घेतलेले कर्ज अहवालात ॲपच्या नावाने दिसत नाही, तर त्यामागे पैसे देणाऱ्या वित्तसंस्थेच्या नावाने दिसते. दिवाळीत हप्त्यांवर घेतलेला फ्रिज तिथे ग्राहक कर्ज म्हणून येतो. बँकांच्या विलीनीकरणानंतर देना बँकेचे जुने कर्ज बँक ऑफ बडोदाच्या आणि कॉर्पोरेशन बँकेचे युनियन बँकेच्या नावावर दिसू लागते. मेहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी दहा वर्षांपूर्वी जामीनदार म्हणून सही केली असेल, तर तेही कर्ज तुमच्या अहवालात असते. शिवाय नोंदींची सरमिसळ हा एक खास आपल्याकडचा प्रकार आहे: शाळेत नाव घालताना मागच्या पिढीतल्या असंख्य मुलांची जन्मतारीख सरसकट 1 जून लिहिली गेली, त्यामुळे पाटील, जाधव, शिंदे अशा आडनावांत तेच नाव, तीच तारीख असलेली दोन माणसे सापडणे मुळीच अवघड नाही, आणि त्यात पॅनचे एक अक्षर चुकले की एकाचे कर्ज दुसऱ्याच्या माथी बसते. या प्रकारात गुन्हेगार कोणीच नसतो, आणि बँकेकडून नोंद दुरुस्त करून घेतली की प्रश्न मिटतो.

गैरवापर झाल्याचे नक्की झाले, तर सर्वांत घातक मोह टाळावा लागतो, तो म्हणजे ‘चार हजारांसाठी कशाला डोकेफोड’ म्हणत पैसे भरून मोकळे होण्याचा. वसुलीचे फोन थांबावेत म्हणून एक हप्ता जरी भरला, तरी ते कर्ज तुम्ही मान्य केल्यासारखे होते आणि पुढे ‘हे माझे नाही’ म्हणणे कठीण जाते. तडजोड करून कमी रक्कम भरली, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, आणि नवे कर्ज देणारी बँक तो शेरा थकबाकीइतक्याच नाराजीने वाचते. वसुली करणाऱ्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई आहे. त्यांच्याशी तोंडी वाद न घालता ‘कर्ज माझे नाही, तक्रार क्रमांक अमुक’ एवढेच लेखी कळवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली की काम झाले असे लोक समजतात. पण ती कंपनी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दुजोऱ्याशिवाय नोंदीला हात लावत नाही. ती विचारते, संस्था ‘नोंद बरोबर आहे’ असे ठोकळेबाज उत्तर देते, आणि तक्रार बंद होते. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांची तक्रार अशीच दोनदा बंद झाली. तिसऱ्या वेळी त्यांनी थेट त्या वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिले आणि त्यात चारच गोष्टी मागितल्या: कर्जाचा अर्ज, त्यासोबतची केवायसी (ओळख पटवण्यासाठी दिलेली) कागदपत्रे, ओटीपी कोणत्या मोबाइलवर गेला तो क्रमांक, आणि कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील. काही अपवाद सोडले, तर डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच खात्यात जमा व्हायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक 2022 पासून आहे. त्यामुळे खाते तिऱ्हाईताचे निघाले की कर्ज तुम्ही घेतल्याचा दावा तिथेच लंगडा पडतो. शिक्षकांच्या पॅनच्या प्रतीवर फोटो भलत्याच तरुणाचा चिकटवलेला होता. तो कागद पाहायला मिळेपर्यंत त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नव्हते.

पत्रासोबत पोलिसांतल्या तक्रारीची पोच जोडावी. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे ठाणे अंमलदाराचे उत्तर दखलपात्र गुन्ह्याच्या बाबतीत कायद्याला धरून नाही. मात्र तुमच्याच खात्यावर पूर्वमंजूर कर्ज काढून रक्कम पुढे वळवली गेली असेल, तर पत्रव्यवहार नंतर. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन आणि लगेच बँकेला कळवणे, कारण तिथे दर मिनिटाला पैसे हातचे निसटत असतात.

तक्रारीची तारीख लिहून ठेवायला विसरू नये. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याची तरतूद एप्रिल 2024 पासून लागू आहे. या 30 दिवसांपैकी 21 दिवस कर्जदात्या संस्थेच्या वाट्याचे असतात, आणि उशीर कोणामुळे झाला त्यावरून भरपाई कोणी द्यायची ते ठरते. दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. या सगळ्यासाठी पैसे घेणाऱ्या ‘सिबिल दुरुस्त करून देणाऱ्या’ एजंटाची काहीच गरज नाही. तुमची कागदपत्रे आणखी एका अनोळखी माणसाच्या हाती जातात, एवढीच काय ती भर.

कागदपत्रांवरून आठवले. झेरॉक्सच्या दुकानात आधार व्हॉट्सॲपवर पाठवून प्रत काढली, की ती फाइल त्या दुकानाच्या संगणकावर कायमची राहू शकते. शक्य असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे, प्रतीवर आडवे ‘फक्त अमुक कामासाठी’ असे तारखेसह लिहावे, आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवावे आणि आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासावे.

चुकीची नोंद अहवालातून काढली गेल्यावरही दोन-तीन महिने अहवाल पाहत राहावे लागते. वित्तसंस्था चारही कंपन्यांना ठरावीक अंतराने नवी माहिती पाठवत असतात, आणि संस्थेच्या मूळ यादीत कर्ज तसेच राहिले असेल, तर पुसलेली नोंद पुढच्या पाठवणीत पुन्हा उगवते. शिक्षकांच्या बाबतीत नेमके तेच झाले. म्हणून त्यांनी ‘सदर कर्ज आपले नसून आपल्याकडे कोणतीही थकबाकी नाही’ असे संस्थेच्या लेटरहेडवरचे सहीशिक्क्याचे पत्र मागून घेतले, आणि त्याच पत्राच्या प्रती चारही कंपन्यांकडे पाठवल्या.