जहाजावरचा जुना जायरो बदलताना या चुका टाळा

फिरत्या चाकाचा जुना जायरो, म्हणजे जहाजाला उत्तर दाखवणारं यंत्र, उतरवून त्याजागी फायबर ऑप्टिक किंवा रिंग लेझर जायरोची (प्रकाशाने फिरणं मोजणारी) इनर्शियल यंत्रणा, म्हणजे बाहेरच्या खुणेशिवाय दिशा आणि जागा काढणारी पेटी, बसवायची, या कामावर रबाळे-महापेच्या वर्कशॉपांतून येणारी नवी पोरं हुशार आहेत, पण घाईची आहेत. पेटी पहिल्याच दिवशी चालू होते, पडद्यावर आकडे येतात आणि काम संपलं असं वाटतं. मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींत पेटी ठणठणीत होती, घोळ तिच्या आजूबाजूला होता.

जुना जायरो काढला, त्याचं करेक्शन तसंच राहिलं

ही चूक बघून बघून मी थकलोय. जुना जायरो पाऊण अंश चुकत असला तर चालत्या जहाजावर तो कुणी उघडत बसत नाही. रडारच्या मेनूत तेवढा आकडा भरतात आणि पुढे जातात. तो आकडा भरणाऱ्याची बदली होते, आकडा मात्र तिथेच राहतो.

एका गस्ती जहाजावर नवी यंत्रणा धक्क्यावर छान चालली. बाहेर पडल्यावर रडारमधला किनारा नकाशावरच्या किनाऱ्यावर बसेना, सगळं चित्र जरासं फिरलेलं. बसवणाऱ्या तरुण इंजिनिअरने लगेच नव्या यंत्रणेतच ऑफसेट (दुरुस्तीचा आकडा) भरला. रडार जागेवर आलं, पण ब्रिजचा रिपीटर (जायरोची दिशा दाखवणारी तबकडी) चुकायला लागला. मग रिपीटरमध्ये आणखी एक आकडा. परत येईपर्यंत जहाजाची खरी दिशा कुणालाच सांगता येईना, आणि पेटी सदोष म्हणून परत पाठवायचं पत्र लिहून तयार होतं.

आम्ही गेलो ते आधी यंत्रणेतला आणि रिपीटरमधला ऑफसेट शून्य केला. ब्रिजच्या बाजूच्या रिपीटरवरून नकाशात नोंदलेल्या एका दूरच्या खुणेचं बेअरिंग (दिशेचा कोन) घेतलं, धक्क्यावरच्या ठाऊक जागेवरून तेच नकाशावर मोजलं. दोन्ही जुळले. मग रडारचा सर्व्हिस मेनू उघडला. आत उणे ०.८ अंश, जुन्या जायरोच्या काळातले. ०.८ अंश म्हणजे १० सागरी मैलांवर जवळजवळ २६० मीटर.

तेव्हापासून जुन्या यंत्राचा एकही बोल्ट सैल करण्याआधी मी वही काढतो. रडार, एक्डिस (इलेक्ट्रॉनिक नकाशा), ऑटोपायलट, सॅटेलाइट अँटेना, प्रत्येक रिपीटर, ज्याला ज्याला जायरोची दिशा जाते त्याच्या मेनूतला प्रत्येक आकडा हाताने लिहायचा आणि शेजारी जहाजावरच्या अधिकाऱ्याची सही घ्यायची. नौदलाच्या गोदीत मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो, त्यामुळे ‘फोटो काढून ठेवू’ हा विचार सोडा.

वाकडी प्लेट आकड्याने सरळ करणं

नवी पेटी लहान असते, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट येते. ती जहाजाच्या मध्यरेषेशी एक अंश वाकडी बसली तर लोक दिशेत एक अंश वजा करून मोकळे होतात. दिशा सुधारते, पण १० अंशांच्या रोलमधले (डाव्या-उजव्या डुलण्यातले) ०.१७ अंश पिचमध्ये (पुढच्या-मागच्या डुलण्यात) झिरपतच राहतात, आणि तोफेला किंवा डुलण्यात स्वतःला स्थिर ठेवणाऱ्या अँटेनाला नेमकं तेच नडतं. प्लेटखालचा रंग खरवडा, डॉवेल पिन मारा, मोजणी पहाटे करा. ऊन चढलं की डेकचं पोलाद ताणतं.

हिरवा दिवा लागला म्हणून निघणं

“सर, रेडी आलंय की. निघायचं ना?” हे वाक्य मी प्रत्येक ट्रायलला ऐकतो. नाही, निघायचं नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. मुंबईच्या १९ अक्षांशावर त्यातला आडवा, उत्तरेकडचा भाग १४.२ अंश उरतो आणि त्यावरूनच यंत्रणा उत्तर शोधते. यंत्रणेतल्या पूर्वेकडे तोंड असलेल्या जायरोत तासाला ०.०१ अंशाची खोट असेल तर दिशेत ०.०४ अंशांची चूक शिरते, आणि जहाज एकाच दिशेला बांधलेलं असताना ती वेगळी ओळखूच येत नाही. जहाज वळवावं लागतं.

यंत्रणेची चूक ८४.४ मिनिटांच्या लयीत वर-खाली होते, तिच्यावर २४ तासांची दुसरी लय असते. अर्ध्या तासाच्या चाचणीत तुम्ही त्या झोक्याचा एक तुकडा बघता. त्यात जीपीएस चालू असेल तर काहीच बघत नाही, कारण जीपीएस सगळं झाकतो. १९५८ साली नॉटिलस ही पाणबुडी उत्तर ध्रुवाखालून गेली तेव्हा सांभाळायला जीपीएस नव्हता, आणि बुडालेल्या पाणबुडीला तो आजही मिळत नाही. मी धक्क्यावर जीपीएस आणि लॉग (वेग मोजणारं यंत्र) दोन्हींची मदत तोडतो आणि पूर्ण २४ तास ड्रिफ्ट (हळूहळू सरकणारी चूक) लिहून काढतो. लॉग विशेष आठवणीने तोडा. आपल्याकडे भरती-ओहोटीचा ओढा जोराचा. जहाज बांधलेलं असतं, खालून पाणी वाहतं, ईएम (विद्युतचुंबकीय) लॉग त्या पाण्याचा वेग देतो आणि यंत्रणा तो जहाजाचा वेग म्हणून खरा मानते. वेळ नाही म्हणणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरशी या एका गोष्टीवरून मी भांडतो.

बाकीच्या, थोडक्यात

पेटीपासून जीपीएस अँटेनाचं अंतर भरताना झेड अक्ष वर धन की खाली धन हे मॅन्युअलमध्ये वाचा, अंदाजाने ठरवू नका.

रिपीटर उलटा फिरतोय? सिंक्रोच्या (रिपीटरला दिशा पोचवणाऱ्या जोडणीच्या) दोन तारांची अदलाबदल झालीय. सॉफ्टवेअरला हात लावू नका.

दिशा पोचतच नाही? एक टोक ४८०० बॉडवर (डेटा पाठवण्याच्या वेगावर) आणि दुसरं ३८४०० वर नाही ना, आधी बघा.

वेळेचा पल्स (घड्याळं जुळवणारा सिग्नल) न जोडता दिशा पाठवू नका. जहाज सेकंदाला ३ अंश वळत असताना ०.१ सेकंदाचा उशीर म्हणजे ०.३ अंश.

आणि यूपीएस. जुन्या जायरोचं जड चाक वीज गेली तरी काही काळ फिरत राहायचं. नवी पेटी किनाऱ्याची वीज सोडून जहाजाच्या जनरेटरवर जाताना क्षणभर जरी बंद पडली तरी अलाइनमेंट (उत्तर शोधायचं काम) पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी जोडलीय असं तोंडी सांगितलेलं मी धरत नाही, ब्रेकर स्वतः पाडून बघतो, आणि तोही निघायच्या आदल्या दिवशी.