वारसनोंदीत लेकीबाळींची नावं गळू नयेत म्हणून

शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्ज मागताना ती शेतकरी ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या पाचव्या उद्दिष्टात स्त्रियांच्या जमीनमालकीचा मुद्दा आहे. आपल्याकडे ती मालकी गळते ती बहुधा वारसनोंदीच्या वेळी.

खातेदार वारल्यापासून 3 महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्या. सोबत मृत्यू दाखला, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), सातबारे आणि वारसांचं शपथपत्र जोडा. दुसऱ्या गावात जमीन असेल तर तिथे वेगळा अर्ज लागतो.

खरी मेख शपथपत्रात आहे. तिथे फक्त मुलगे लिहिले जातात. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (तो बौद्ध, जैन, शिखांनाही लागू) मृत पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. म्हातारी आई तर हमखास विसरली जाते. मृत्युपत्र नसताना स्वकष्टार्जित 5 एकर मागे राहिले आणि वारस आई, पत्नी, एक मुलगा, दोन मुली असतील, तर प्रत्येकी 1 एकर. एखादी मुलगी आधीच वारली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलामुलींना जातो. वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब वेगळा, पण तिथेही मुलगी जन्मानेच हिस्सेदार. मुलींना हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. लग्नाने हा हक्क जात नाही.

चौकशीनंतर फेरफार (नावबदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. फेरफार स्वतः वाचा. लेकीचं नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात हवं. ‘इतर अधिकार’मध्ये टाकलं असेल तर तिथेच अडवा. लेखी हरकत द्या, पोच घ्या. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केलीच, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

याच धावपळीत बहिणींकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात. अशी सही देऊ नका. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं, नुसत्या स्टॅम्पपेपरवरचं चालत नाही. आणि वारसनोंदीसाठी ते मुळात लागतच नाही.

नाव लागलं म्हणजे वाटणी झाली, असं मात्र समजू नका. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करा. नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो.