सोलो बाख रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

ऑडिशनचे दिवस आले की व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या फाइल्स माझ्याकडे यायला लागतात, "सर जरा ऐकून सांगा ना, काहीतरी खटकतंय", आणि दरवर्षी तेच ऐकतो. वाजवलेलं बऱ्याचदा छान असतं, रेकॉर्डिंगने त्याची वाट लावलेली असते. सोलो बाखमध्ये, म्हणजे जर्मन संगीतकार बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांमध्ये, मागे ना पियानो ना ऑर्केस्ट्रा, बाखने १७२० च्या हस्तलिखितावर स्वतःच लिहिलंय, सहा सोलो, बेसच्या साथीशिवाय. म्हणजे खोलीत जे चुकलं ते झाकायला काहीच नाही. "नंतर सॉफ्टवेअरमध्ये बघू" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात मोठी चूक ऑटो लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरने आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं. जी मायनर सोनाटाचा अडाजिओ (पहिला, संथ भाग) सुरूच होतो चारही तारांवरच्या कॉर्डने (एकत्र वाजवलेल्या सुरांनी). ऑटो लेव्हल चालू असेल तर रेकॉर्डर त्या कॉर्डला आवाज एकदम खाली खेचतो, आणि पुढची सुरावट जसजशी बारीक होते तसतसा परत वर चढवत नेतो. म्हणजे तुम्ही वाजवलं त्याच्या बरोबर उलटं.

वसईच्या एका मुलीने हा अडाजिओ आणि पुढचा फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येते तो भाग) गावातल्या चर्चमध्ये रेकॉर्ड केला होता. फादरची परवानगी काढली, पंखे बंद केले, चुलतभावाचा रेकॉर्डर आणला, तयारीत काही कमी नव्हतं. फाइल लावली तर पहिली कॉर्ड दबलेली, आणि वाक्याच्या शेवटी जिथे तिने बो अगदी हलका ठेवला होता तिथे आवाज फुगून वर आलेला, सोबत बाहेरचे कावळे पण. वेव्हफॉर्म विटेसारखा सपाट. त्यात "चर्चचा फील यावा" म्हणून रेकॉर्डर पार मागे दाराजवळ ठेवलेला, त्यामुळे फ्यूगमधले आवाज एकमेकांत कालवले गेले, कुठला सूर कुठल्या आवाजाचा कळेना. तिचे बाबा म्हणाले, "सर, सॉफ्टवेअरमध्ये नाही का होणार नीट?" नाही होणार. मशीनने कुठे किती खाली खेचलं याची नोंद फाइलमध्ये नसते आणि घुमलेला आवाज परत वेगळा काढता येत नाही.

मग परत गेलो, तेच चर्च, तोच रेकॉर्डर. ऑटो लेव्हल बंद, लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) बंद, रेकॉर्डिंगची बारकाई २४ बिट. तिला फ्यूगमधला सगळ्यात जोरकस भाग वाजवायला लावला आणि टोक उणे १० डेसिबलच्या आसपास येईल असा गेन (आवाज किती आत घ्यायचा ते) हाताने लावला, त्यानंतर त्या नॉबला कोणी हात लावायचा नाही. रेकॉर्डर स्टँडवर, तिच्यापासून दोनेक मीटरवर, डोक्याच्या वर, तोंड व्हायोलिनकडे खाली झुकवलेलं. चर्चची घुमार तरीही आलीच, पण सुरांच्या मागे आली, सुरांवर नाही. ऐकून तिची आई म्हणाली, "आता आपली पोरगी वाजवतेय असं वाटतंय."

फोनवर करणाऱ्यांनी तर दुप्पट सांभाळायला हवं, साधं व्हॉइस ॲप बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ई मेजर पार्टिटाच्या प्रेल्यूडिओत (सुरुवातीच्या भागात) बाखने स्वतः फोर्टे-पियानो (जोरात-हळू) लिहून प्रतिध्वनी मागितलाय, आणि फोन दोन्ही एका पातळीवर आणून ठेवतो. हाताने गेन लावता येईल असं ॲप घ्या, नाहीतर कोणाचा तरी रेकॉर्डर मागून आणा.

नंतर वरून रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) टाकू नका. कोरड्या खोलीत केलं असेल तर कोरडं पाठवा.

पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर बंद. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा जी १९६ हर्ट्झचा, त्यामुळे ८० च्या खालचं कापलं तरी सुराला धक्का लागत नाही, पण विजेची ५० हर्ट्झची गुणगुण १००, १५० असे मजले चढत वर येते, ती फिल्टरने पूर्ण जात नाही.

आता दुसरी चूक, जिच्यावर मी क्लासमध्ये सगळ्यात जास्त बोलतो. टेक (एकेका वेळी वाजवून केलेली रेकॉर्डिंग्ज) जोडणे. मुंबई-गोव्याकडे मुलं एसी लावून वॉर्मअप करतात, रेकॉर्डिंगला एसी बंद करतात (आवाज येतो म्हणून, बरोबरच आहे), आणि मग खोली तापते, दमट होते, तारांचा सूर हलायला लागतो. गट स्ट्रिंग्ज (प्राण्यांच्या आतड्याच्या तारा) असतील तर विचारूच नका. पहिला टेक एका पट्टीत, शेवटचा किंचित वेगळ्या, आणि हे दोन मधोमध शिवले की बाखमध्ये लगेच कळतं कारण त्यात मोकळ्या तारा सारख्या वाजतात. त्याच प्रेल्यूडिओतलं बॅरियोलाज (मोकळी आणि दाबलेली तार झरझर आलटूनपालटून वाजवणं) घ्या, मोकळी ई तार सारखी सारखी येते, ती जरा सरकली की तो पूर्ण भाग बेसूर. माझी सवय अशी की एसी चांगला अर्धा तास आधी बंद करायचा, खोली स्थिर होऊ द्यायची, आणि प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनरवरून ए घ्यायचा, आधीच्या टेकवरून नाही. वेळ जातो, जाऊ दे. आणि जोडायचंच असेल तर मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) पूर्ण वाजवून दोन मूव्हमेंटच्या मध्ये जोडा, चार-चार बारचे तुकडे करून नाही. तुकड्यांत वाजवणाऱ्याला फ्यूग कुठे चाललाय तेच माहीत नसतं आणि ते ऐकू येतं.

"बरोक (बाखच्या काळातलं) वाटावं" म्हणून ए ४४० हर्ट्झला लावून केलेलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने जुन्या ४१५ ला उतरवणारेही भेटलेत. प्लीज नको. व्हायोलिनचा लाकडी आवाज पण सोबत खाली जातो आणि वाद्य आजारी वाटतं. ४१५ हवं तर तारा त्या हिशोबाच्या लावा, नाहीतर ४४० वर सरळ वाजवा.

उसना टेम्पो. अमेरिकन व्हायोलिनवादक हिलरी हानने पहिला बाख अल्बम १९९७ मध्ये काढला, वय १७, आणि त्यातला शाकोन (डी मायनर पार्टिटाचा लांबलचक शेवटचा भाग) १७ मिनिटांच्या पुढे जातो, बरेच जण तोच १३-१५ मध्ये संपवतात. तो ऐकून मुलं तितकं हळू वाजवायला जातात आणि बो मध्येच संपतो. तिचा बो वर्षांच्या रियाजाचा आहे. सहांपैकी उरलेल्या तीन रचनांचा अल्बम तिने २०१८ मध्ये काढला, हेही बघा जरा. चार महिन्यांत शाकोन रेकॉर्ड करायची घाई कशाला? बाखच्याच काळातल्या टेलेमानच्या १७३५ च्या बारा फँटसीज आहेत, छोट्या, सोलोच, आणि एकाच सुरावटीतून दोन आवाज कसे उभे करायचे ते त्यात छान शिकायला मिळतं. आधी त्यातली एक नीट रेकॉर्ड करा.

स्लरसाठी (एका बोमध्ये किती सूर जोडायचे त्या खुणांसाठी) कुठलीही फुकट पीडीएफ घेऊ नका, बाखच्या हस्तलिखिताचे स्कॅन नेटवर आहेत, ते शेजारी उघडून ठेवा.

आणि ऑडिशनसाठी असेल तर नियम आधी वाचा. बऱ्याच संस्थांना एका मूव्हमेंटमध्ये कट चालत नाही, आवाज वेगळा रेकॉर्ड करून व्हिडिओला चिकटवलेलाही कित्येकांना चालत नाही. हे फॉर्म भरायच्या रात्री कळलं तर पूर्ण सेशन परत करावं लागतं.