काट्यावरून सांगते: भंगारात निघालेल्या गाडीचे किती यायला हवेत

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वजनकाटा आहे, तिथे मी चौदा वर्षं बसते. खिडकीसमोरून दिवसभर भंगाराचे ट्रक जातात. इथल्या भट्ट्यांत ते भंगार वितळतं आणि त्याची सळई होऊन बाहेर पडते. त्यात चेपलेल्या गाड्याही असतात. त्या गाड्यांचे मालकाला किती मिळाले हे मला ड्रायव्हरांच्या बोलण्यातून कळतं, आणि बहुतेक वेळा ऐकून वाईट वाटतं. माणूस गाडी घेताना महिनाभर चौकशी करतो आणि काढताना मात्र दहा मिनिटांत देऊन टाकतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या काकांची मारुती ८०० काढायची ठरली. १९९७ची गाडी, एमएच-२१, पाच वर्षं दारात उभी. नोंदणी संपलेली. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० केली, म्हणजे ती भरण्यात अर्थ नव्हता. एक जण बघायला आला. गाडीभोवती फेरी मारली, बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "काका, ठोकमध्ये नऊ हजार. रोख देतो, आत्ताच उचलतो." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा. आधी हिशेब करू." तो हिशेब कसा केला तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात आरसी बुकापासून. त्यात गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं, 'अनलेडन वेट' या नावाने. काकांच्या आरसीत ६५० किलो होतं. हा आकडा तोंडपाठ करून ठेवा, कारण "अहो, लहान गाडी आहे, पाचशे भरेल" असं पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं. आकडा आपल्याकडे असला की तो विषय तिथेच संपतो.

तरी गाडी काट्यावर घ्याच, आणि कोणत्या काट्यावर घेता त्याला फार महत्त्व आहे. ट्रकच्या मोठ्या काट्याचा आकडा दहा-दहा किलोंनी सरकतो, काहींचा वीस-वीसने. पंचवीस टन सळईला दहा किलोंचं काही नाही. साडेसहाशे किलोंच्या गाडीला दहा किलो म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. त्यात गाडी ट्रकवर चढवून भरलेला काटा घ्यायचा, उतरवून रिकामा काटा घ्यायचा आणि वजाबाकी करायची म्हटलं की दोन्ही आकड्यांतली चूक एकात मिसळते. म्हणून जमेल तर गाडी टो करून स्वतःच्या चाकांवर प्लॅटफॉर्मवर आणा. लहान काटा असेल तर आणखी चांगलं.

चढण्याआधी खिडकीतून आत बघा, आकडा शून्य दिसायला हवा. चारही चाकं पूर्ण प्लॅटफॉर्मवर हवीत. टो करायचा दोर सोडून टाका, कारण ताणलेला दोर गाडीचा थोडा भार उचलतो आणि तेवढं वजन कमी दिसतं. हे मी रोज सांगते आणि रोज कोणी ना कोणी दोर तसाच ठेवतो. ट्रकवरूनच वजन करावं लागलं तर दोन्ही वेळा ड्रायव्हर आत असेल किंवा दोन्ही वेळा बाहेर. मधल्या वेळात डिझेल भरायचं नाही, ताडपत्री, जॅक, साखळी जिथल्या तिथे. पावती छापील घ्या, तारीख-वेळेसकट. काट्यावर वैधमापन विभागाचं पडताळणी प्रमाणपत्र लावलेलं असतं, ती पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. ते बघायला मागितलं तर आम्हाला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे वजन करू नका.

काकांची गाडी ६४० भरली. स्टेपनी कधीच गेली होती, त्यामुळे आरसीशी आकडा जुळला.

आता यातलं धातू किती? संपूर्ण वजनाला लोखंडाचा भाव लावून खूश होणारे मी पाहिले आहेत आणि मग व्यवहारात भांडण होतं. गाडीत रबर आहे, काच आहे, सीटचा फोम आहे, डॅशबोर्ड आहे. भट्टीला यातलं काही नको. आमच्या गाडीचे चार टायर साधारण २० किलो, काचा २५, सीट-कार्पेट-डॅशबोर्ड-बंपर आणि उरलंसुरलं तेलपाणी मिळून ६५. झाले ११० किलो. बॅटरी १० किलो, तिचा हिशेब वेगळा. उरले ५२० किलो, हा आपला धातू.

या ५२० मध्ये सगळं लोखंड नसतं. इथे एक चुंबक घ्या. मी जुन्या स्पीकरचं घेतलं होतं, मूठभर मोठं. बोनेट उघडून काकांनाच म्हटलं, "लावून बघा." इंजिनच्या ब्लॉकला ते टक्कन चिकटलं, तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. वरच्या हेडला लावलं तर घसरून खाली आलं. गिअरबॉक्सच्या कवचालाही चिकटलं नाही. हे जर्मन. आमच्याकडे अॅल्युमिनियमला आजही जर्मनच म्हणतात, भंगाराच्या दुकानात तर दुसरा शब्दच नाही. मारुती झेनचं जुनं एक लिटरचं इंजिन असेल तर ब्लॉकसुद्धा जर्मनचा असतो, त्या मालकाने तर चुंबक नक्की लावावं. अलॉय व्हील असतील तर तेही जर्मनमध्येच.

रेडिएटरला चुंबक कधीच चिकटत नाही, तिथे चाकू लागतो. काकांनी वरच्या टाकीचा काळा रंग चाकूच्या टोकाने नखाएवढा खरवडला. आतून पिवळं चमकलं. पितळ. आतल्या नळ्या आणि जाळीत तांबं-पितळ. पांढरं निघालं असतं तर जर्मन, आणि भाव तिपटीने कमी. नवीन गाड्यांत बहुतेक जर्मनच असतं, जुन्यांत खरवडून बघितल्याशिवाय बोलू नये.

तांबं तीन ठिकाणी: वायरिंग, स्टार्टर, अल्टरनेटर. वायरिंगचं वजन वरच्या प्लास्टिकसकट धरू नका, निम्मं सोडून द्या. आणि वायर जाळून तांबं काढू नका, तो धूर विषारी असतो आणि जळकं तांबं कमी भावाने जातं. गंमत म्हणजे वायरी पत्र्यात तशाच ठेवल्या तर भट्टीवालेही पैसे कापतात. पोलादात तांबं मिसळलं की ते तापवून लाटताना पृष्ठभागावर चिरा पडतात, त्यामुळे त्यांना तांबं नको असतं. ज्याला ते नको आहे त्याला ते लोखंडाच्या भावात देणं म्हणजे दोघांचंही नुकसान.

आमच्या गाडीचा कच्चा हिशेब असा बसला. भाव त्या आठवड्यात मी फोनवर विचारलेले, भंगार दुकानाच्या खरेदीचे. ते रोज हलतात, तुम्ही तुमच्या दिवसाचे घाला.

लोखंड आणि बीड ४८३ किलो, सरासरी २८ रुपये: १३,५२४
जर्मन २८ किलो, १३० रुपये: ३,६४०
तांबं ६ किलो, ६०० रुपये: ३,६००
रेडिएटर ३ किलो, ४०० रुपये: १,२००
बॅटरी १० किलो, ८० रुपये: ८००

एकूण २२,७६४ रुपये.

काकांना आकडा दाखवला तर ते एकदम तावातावाने म्हणाले, "म्हणजे तो मला तेरा हजारांना फसवत होता!" पूर्ण तसंही नाही. हा आकडा सगळं सुटं करून, वेगवेगळं विकल्यावरचा आहे. ते सुटं करायला दोन माणसांचा दिवस जातो, गॅसकटर लागतो, टेम्पो लागतो, आणि कापणाऱ्यालाही पोट आहे. यासाठी मी चार ते सहा हजार सोडते. म्हणजे जशी उभी आहे तशी उचलून नेली तर साधारण पावणेसतरा ते पावणेएकोणीस हजार हा न्याय्य भाव. नऊ हजार कुठल्याच हिशेबात बसत नाही.

लोखंडाचा सरासरी दर धरताना एक लक्षात घ्या. पत्रा आणि जाड माल एका भावाने जात नाहीत. गाडीचा पत्रा पातळ, रंगाचा, बुडाशी गंजलेला. गंजाला काट्यावर वजन आहे, पण वितळल्यावर त्यातून तेवढं लोखंड परत येत नाही. अॅक्सल, सस्पेन्शन, ब्रेकड्रम यांना दोन-चार रुपये जास्त मिळतात. पावसाळ्यात गाडी उभी असेल तर दारांखालच्या पोकळीत आणि चाकांच्या वरच्या कमानीत माती बसते. ती पाणी मारून आधीच काढा. नाहीतर समोरचा "माती आहे" म्हणून पन्नास किलो तूट धरतो, आणि खरी माती पाच किलो असते.

दारं, दिवे, कार्बोरेटर, चालू स्टार्टर हे सुटे भाग म्हणून वजनापेक्षा जास्त देतात. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण खेड्यापाड्यांत ती अजून धावते आणि गॅरेजवाले भाग शोधत असतात. ओळखीचं गॅरेज असेल तर विचारा. नसेल तर त्यासाठी दोन महिने गाडी अडवून ठेवू नका.

सायलेन्सरच्या पाइपमध्ये मधोमध फुगीर डबा असेल तर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत चिनीमातीसारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अतिशय पातळ थर. हा डबा लोखंडाच्या भावात कधीही देऊ नका, त्याचा भाव वेगळा ठरवून घ्या. चार महानगरांत तो नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून आला, आमच्याकडे नंतर. म्हणून काकांच्या गाडीखाली नुसताच सरळ पाइप होता.

आणि हात जोडून सांगते, पेट्रोलची टाकी किंवा गॅसकिटचा सिलिंडर घरी कुणाकडून कापून घेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. सिलिंडर आधी जाणकाराकडून रिकामा करून उतरवून घ्यायचा, मग बाकीचं.

आता कागदाचं. माझ्या दृष्टीने धातूच्या भावापेक्षा हे मोठं आहे. आमच्या आत्याची गाडी काही वर्षांपूर्वी अशीच रोखीने गेली. ना पावती, ना नोंदणी रद्द. अकरा महिन्यांनी तिच्या मोबाइलवर वेग मर्यादा ओलांडल्याचं चलन आलं, त्या शहरात ती आयुष्यात गेली नव्हती. तिच्या गाडीची नंबर प्लेट दुसऱ्या गाडीवर फिरत होती. आत्या सत्तरीची, मधुमेहाची. पोलीस ठाण्यात बसून बसून तिचे पाय सुजले. घेणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. त्या गाडीचे तिला सात हजार मिळाले होते.

कायदा स्पष्ट आहे. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्येच आहे. आणि २०२१ च्या नियमांपासून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि गाडी मोडल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र. आधी ते गाडी चोरीची तर नाही, कर्जाचा बोजा आहे का, दंड थकला आहे का ते तपासतात. म्हणून बँकेचा बोजा उतरवला नसेल तर त्या कामाला आधी लागा, त्यालाच वेळ लागतो. जुनी चलनं भरून टाका.

ठेव प्रमाणपत्रालाही पैशात किंमत आहे. त्यावर नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ होते आणि रस्ता करात सवलत मिळते. खासगी गाडीसाठी केंद्र सरकारने २५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवली आहे, त्याच्या आत राज्य आपला आकडा ठरवतं. चार लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ४४,००० कर बसतो. सवलत दहाच टक्के धरली तरी ४,४०० झाले. स्वतः गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरितही करता येतं. म्हणून स्क्रॅपिंग केंद्राचा भाव बाहेरच्यापेक्षा हजार-दोन हजारांनी कमी वाटला तर हा आकडा त्यात मिळवा आणि मग तुलना करा.

आपला हिशेब बरोबर आला का हे पडताळायची एक सोपी रीतही आहे. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण आणताना सरकारने भंगाराचं मूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलं होतं. चार लाखांच्या लहान गाडीचे झाले १६ ते २४ हजार. आमचा कच्चा आकडा त्यातच बसला, तेव्हा मला धीर आला.

काकांची गाडी शेवटी नोंदणीकृत केंद्राकडे गेली. पहिला भाव साडेचौदा हजारांचा आला. मी काट्याची पावती, आरसीचा आकडा आणि जर्मन-तांब्याची यादी समोर ठेवली. आवाज चढवला नाही, फक्त एकेक ओळ वाचली. साडेसतरावर ठरलं, वाहतूक त्यांची. पैसे थेट काकांच्या खात्यात. चासी नंबरचा तुकडा कापून केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो, तो कापताना काका शेजारी उभे होते.

पुढचे काही आठवडे मी दर सोमवारी परिवहनच्या संकेतस्थळावर तो नंबर घालून बघत होते. नोंदणी रद्द झाल्याचं ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशी छापून ते पान, काट्याची पावती आणि दोन्ही प्रमाणपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि काकांच्या कपाटात, घराच्या कागदांबरोबर ठेवली.